फुकटचा मेल, नव्या सोयी आणि वेचणीचा हिशेब

कानबाईचा, म्हणजे आमच्या खान्देशातल्या श्रावणातल्या सणाचा, रविवार होता. घरात पुरण शिजत होतं, गल्लीत ढोल वाजत होता आणि दारात पारोळ्याकडचा एक पोरगा उभा. "सर, मना मेल उघडत नही. आते काय करू?" प्रवेशाच्या अर्जात नावाची दुरुस्ती करायची होती आणि मुदत त्याच रात्री संपत होती. पासवर्ड आठवत नव्हता. 'पासवर्ड विसरलात?' वर दाबलं तर ओटीपी जाणाऱ्या नंबरचे शेवटचे दोन अंक दिसले, आणि ते त्याच्या घरातल्या कुणाच्याच नंबरचे नव्हते. बराच वेळ डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. दहावीत असताना फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानदाराने त्याचा मेल उघडून दिला होता, तोही स्वतःच्या मोबाइल नंबरवर. दुकान बंद, दुकानदार कानबाईसाठी गावी. रात्री साडेनऊला त्याने फोन उचलला, ओटीपी सांगितला, आणि पावणेबाराला अर्ज एकदाचा दुरुस्त झाला.

मी अमळनेरला संध्याकाळी घरीच संगणक शिकवतो. कॉलेजची पोरं येतात, बचत गटाच्या ताया येतात, निवृत्त गुरुजी येतात, आणि पुण्याला नोकरीला लागलेला मुलगा "मेल करा ना बाबा" म्हणायला लागला म्हणून आलेले शेतकरीही असतात. जो तो आल्या आल्या विचारतो, "त्यात नवीन काय काय आलं म्हणे?" नवीन पुष्कळ आलं आहे. मेल आपोआप लिहून मिळतो, लांबलचक मेलचा सारांश वरच दिसतो, बोललेलं टाइप होतं. पण खात्याची चावी दुसऱ्याच्या खिशात असेल तर त्यात नवीन सोय आली काय आणि न आली काय. म्हणून माझ्याकडे पहिला दिवस चावीचा.

आधी चावी ताब्यात घ्या

उदाहरणं मी जीमेलची देतो, कारण अँड्रॉइड फोन घेतला की ते खातं बहुतेकांकडे असतंच. तसं बंधन काही नाही. मायक्रोसॉफ्टचं आउटलुक डॉट कॉम फुकट आहे, त्यात 15 जीबी मेलसाठी आणि 5 जीबी फाइलींसाठी मिळतात, शिवाय वर्ड आणि एक्सेल ब्राउझरमध्ये वापरता येतात. आपल्या देशातल्या झोहोचाही मेल आहे. याच आउटलुकचा पूर्वज म्हणजे हॉटमेल. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी 4 जुलै 1996 ला तो सुरू केला, आणि फुकटचा मेल म्हणजे काय हे जगाला तेव्हा कळलं. जीमेल आला 1 एप्रिल 2004 ला. एक जीबी जागा फुकट देतो म्हटल्यावर लोकांना ते एप्रिल फूल वाटलं होतं.

आता कामाचं. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'गूगल' शोधा, त्यात आपलं खातं उघडा आणि 'सुरक्षा' या भागात जा. मग या क्रमाने चला:

1. 'रिकव्हरी फोन' पाहा. तिथे तुमचा चालू नंबर नसेल तर आत्ताच बदला. जुनं सिम रिचार्जविना बंद पडलं असेल तर काही काळाने तोच नंबर दुसऱ्या कुणाला तरी मिळतो, आणि मग तुमच्या मेलचा ओटीपी अनोळखी माणसाच्या फोनवर जातो.
2. 'रिकव्हरी ईमेल' मध्ये घरातल्या विश्वासू माणसाचा पत्ता द्या. मुलाचा, सुनेचा, कुणाचाही. दुकानदाराचा नको.
3. पासवर्ड बदला. नाव आणि जन्मसाल जोडून केलेला पासवर्ड अख्ख्या गावाला ओळखता येतो. चार असंबद्ध मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहिले तर लक्षातही राहतात आणि ओळखूही येत नाहीत.
4. 'दोन टप्प्यांची पडताळणी' चालू करा. पासवर्ड चोरीला गेला तरी फोनवर होकार दिल्याशिवाय खातं उघडणार नाही.
5. त्याच पानावर 'बॅकअप कोड' मिळतात. आठ आकडी दहा कोड, प्रत्येक एकदाच चालतो. त्यांची छापील प्रत काढा आणि सातबारा, पासबुक ठेवता त्याच पिशवीत ठेवा. फोन विहिरीत पडला तर याच कागदाने आत जाता येईल. फोन विहिरीत पडतो, हसू नका, माझ्याकडे दोघं तसे आलेले आहेत.

नवं खातं काढणार असाल तर पत्ता साधा ठेवा: नाव, आडनाव, लागलाच तर एखादा आकडा. 'किंग', 'रॉयल', 'भाऊ नाद करू नका' असले पत्ते पुढे नोकरीच्या अर्जात लिहिताना लाज वाटते. पत्ता रोमन अक्षरांतच घ्यावा लागतो. जीमेलच्या पत्त्यातले टिंब मोजले जात नाहीत हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. नाव आणि आडनावाच्या मध्ये टिंब दिलं काय, नाही दिलं काय, मेल एकाच पेटीत येतो. त्यामुळे "माझ्या पत्त्यात टिंब आहे, तुम्ही दिलं नाही, म्हणून मेल आला नाही" ही सबब जीमेलवाल्याने सांगू नये.

आणि खातं उघडून तसंच टाकून देऊ नका. दोन वर्षं कुणी हात लावला नाही तर गूगल ते खातं आतल्या सगळ्या कागदांसकट काढून टाकू शकतं, डिसेंबर 2023 पासून हे सुरू झालं आहे. शिष्यवृत्तीसाठी एकदाच उघडलेली खाती अशीच जातात. वर्षातून एकदा, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) म्हणा हवं तर, आत डोकावून या.

मराठीत लिहा, पण युनिकोडमध्ये

जीमेलच्या सेटिंग्जमध्ये पहिल्याच पानावर भाषा असते. तिथे मराठी निवडली की सगळी बटणं मराठीत येतात. माझं मत विचाराल तर बटणं इंग्रजीत राहू दिलेली बरी, कारण अडल्यावर तुम्ही ज्याला फोन कराल त्याच्या पडद्यावर इंग्रजी असतं आणि तो "सेंडवर दाब" म्हणतो. मजकूर मात्र मराठीत लिहावा. संगणकावर त्याच भाषेच्या भागात 'इनपुट टूल्स' चालू करून मराठी निवडा. मग रोमन अक्षरांत टाइप केलेलं 'नमस्कार' लगेच देवनागरीत उमटतं. फोनवर जीबोर्ड कीबोर्डमध्ये मराठी जोडली की तेच काम होतं.

इथे एक जुनं दुखणं सांगायला हवं. झेरॉक्सच्या, टायपिंगच्या दुकानात अजून कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये अर्ज टाइप करून देतात. छापल्यावर तो सुंदर दिसतो, पण तोच मजकूर मेलमध्ये चिकटवला की समोरच्याला रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. कारण त्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षर खरं तर रोमन अक्षराच्या जागी रंगवलेलं असतं, आणि तो फॉन्ट ज्याच्याकडे नाही त्याला मूळ अक्षर दिसतं. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून ते कुठेही तसंच दिसतं. टायपिंग करून घेताना "युनिकोडमध्ये द्या" एवढं सांगा. जुन्या फॉन्टमधला अर्ज आधीच हातात असेल तर त्याची पीडीएफ करून जोडा.

मेल सुटला, पण परत बोलावता येतो

अर्ज जोडायचा राहिला, चुकीच्या साहेबांना गेला, 'आदरणीय' च्या जागी भलतंच काहीतरी पडलं, असं होतंच. पाठवल्यावर खाली कोपऱ्यात काही सेकंद 'अनडू' दिसतं. मुळात तो वेळ 5 सेकंदांचा असतो, तेवढ्यात चष्माही सापडत नाही. संगणकावर जीमेल उघडा, वरच्या दातेरी चाकावर दाबा, 'सर्व सेटिंग्ज' पाहा, पहिल्याच पानावर 'अनडू सेंड' दिसेल. तिथे 30 सेकंद करा आणि पान खाली सरकवून 'बदल जतन करा' दाबा. हे शेवटचं बटण दाबायला दहातले सात जण विसरतात. ही सोय म्हणजे काही जादू नाही. मेल तेवढी 30 सेकंदं गूगलकडेच थांबून राहतो, समोरच्याकडे पोहोचलेला नसतो. पोहोचलेला मेल परत येत नाही.

त्याहून मला आवडणारी सोय म्हणजे 'शेड्यूल सेंड'. 'पाठवा' च्या बटणाला लागून छोटा बाण असतो, तो दाबून तारीख आणि वेळ द्या. मेल ठरल्या वेळी आपोआप जातो. आमच्याकडे याचा खरा उपयोग विजेशी आहे. शेतीची वीज रात्रपाळीची असली की माणूस रात्री मोटर चालू करायला मळ्यात असतो आणि सकाळी झोपलेला. बँकेच्या मॅनेजरला रात्री दीड वाजता मेल गेलेला बरा दिसत नाही. रात्रीच लिहून ठेवा, सकाळी 10 ची वेळ द्या. मेल तुमच्या फोनवरून जात नाही, तो गूगलच्या यंत्रांवर जाऊन थांबलेला असतो. म्हणून सकाळी तुमची लाइट नसली, नेट नसलं, फोनची बॅटरी उतरलेली असली तरी काही अडत नाही. डाव्या बाजूला 'शेड्यूल्ड' मध्ये तो दिसतो, विचार बदलला तर तिथून रद्द करता येतो.

जोडपत्राची मर्यादा 25 एमबी. त्याहून मोठी फाइल जोडली की जीमेल ती स्वतःच ड्राइव्हवर, म्हणजे गूगलच्या ऑनलाइन कपाटात, ठेवतो आणि मेलमध्ये दुवा टाकतो. दुवा गेला म्हणजे काम झालं असं नाही, समोरच्याला तो उघडायची परवानगी आहे का ते पाठवताना विचारलं जातं. तो प्रश्न न वाचता पुढे जाऊ नका.

आणि कागदांचे फोटो काढून एकेक करून बारा मेल पाठवू नका. फोनवर ड्राइव्ह ॲप उघडा, कॅमेऱ्याचं चिन्ह दाबा, कागद समोर धरा. कडा कापून, सावली काढून, सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये बसतात. छापील मजकुराचा फोटो ड्राइव्हवर असेल तर संगणकावर त्याच्यावर उजवं क्लिक करून 'गूगल डॉक्सने उघडा' म्हणा, खाली मजकूर टाइप होऊन येतो. देवनागरीही बऱ्यापैकी वाचतो. हस्ताक्षराची अपेक्षा ठेवू नका.

15 जीबी कुठे गेले?

"माले मेलच येत नही" असं म्हणत येणाऱ्यांत निम्म्यांची पेटी भरलेली असते. फुकट मिळणारी 15 जीबी जागा एकट्या मेलची नाही. मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत ती वाटलेली आहे. 1 जून 2021 पासून गूगल फोटोंमधला नवा फोटो या जागेत मोजला जातो, आणि आता अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही. म्हणजे लग्नाचे व्हिडिओ, सकाळचे फुलांचे सुप्रभात, भरीत पार्टीचे तीस फोटो, हे सगळं तुमच्या मेलच्या पोटात जाऊन बसतं. जागा संपली की मेल येणं आणि जाणं दोन्ही थांबतं, आणि ज्याने पाठवला त्याच्याकडे तो परत जातो.

मेल काढत बसण्यात फारसा अर्थ नाही, हजार साधे मेल मिळून एका लग्नाच्या व्हिडिओएवढे होत नाहीत. आधी व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'चॅट बॅकअप' मध्ये जाऊन व्हिडिओ वगळा. मग फोटोंमधले मोठे व्हिडिओ काढा, हवे असतील तर आधी पेनड्राइव्हवर घ्या. शेवटी जीमेलच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाचं चिन्ह दाबा, 'आकार' मध्ये 'पेक्षा मोठा' निवडून 10 एमबी टाका, जे मेल येतील त्यातले नको ते काढा. काढलेलं कचरापेटीत 30 दिवस राहतं आणि तोवर जागा अडवतं, म्हणून कचरापेटीही रिकामी करा.

जाहिरातींसाठी 2025 मध्ये चांगली सोय आली. डाव्या यादीत 'आणखी' च्या खाली 'सदस्यत्वं व्यवस्थापित करा' दिसतं. कोण किती मेल पाठवतो याची यादी येते आणि शेजारच्या बटणाने त्याला थांबवता येतं. 2024 पासून घाऊक मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकवर बाहेर पडायची वाट देणं जीमेलने सक्तीचं केलं आहे. पण स्पॅममध्ये पडलेल्या मेलमधल्या 'अनसबस्क्राइब' वर कधी दाबू नका. तिथे दाबणं म्हणजे "घरात माणूस आहे" असं चोराला सांगणं.

वेचणीचा हिशेब शीटमध्ये

आता माझ्या आवडीचा भाग. दिवाळीच्या आसपास कापूस वेचणी जोरात असते. मजुरी किलोवर, उचल आधीच दिलेली, आठवड्याच्या बाजाराला हिशेब. वही ओसरीवर, पेन हरवलेलं, आणि दोन भावांच्या दोन वह्यांत दोन वेगळे आकडे. चोपड्याकडच्या एका शेतकऱ्याने मला असली वही दाखवली, तेव्हा त्याला मी गूगल शीट, म्हणजे एक्सेलसारखा ऑनलाइन तक्ता, शिकवलं. त्याने दोन हंगाम ते चालवलं आणि आता तो मला शिकवतो.

ब्राउझरमध्ये शीट उघडा, कोरं पान घ्या. पहिल्या ओळीत रकाने: तारीख, नाव, किलो, दर, मजुरी, उचल. मग आधी एकच सेटिंग तपासा: 'फाइल' मेनूत 'सेटिंग्ज', तिथे 'लोकेल' भारत आहे ना? अमेरिका असेल तर 8/11 म्हणजे 8 नोव्हेंबर न होता 11 ऑगस्ट होतो, आणि कापूस लावल्या लावल्या वेचल्यासारखा दिसतो.

किलोच्या रकान्यात नुसता आकडा टाका. '22 किलो' असं लिहिलं की शीट त्याला शब्द समजतं आणि बेरजेत धरत नाही. मजुरीच्या चौकटीत सूत्र द्यायचं. बरोबरचं चिन्ह टाका, मग त्या ओळीतल्या किलोच्या चौकटीवर क्लिक करा, मग गुणाकारासाठी चांदणीचं चिन्ह, मग दराच्या चौकटीवर क्लिक, आणि एंटर. समजा 22 किलो आणि दर 10 रुपये, तर 220 येईल. चौकटीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावरचा ठिपका धरून खाली ओढा, सगळ्या ओळींना तेच सूत्र लागतं.

मे 2024 मध्ये शीटमध्ये 'टेबल' आलं, ते इथे फार उपयोगी पडतं. सगळे रकाने निवडून 'फॉरमॅट' मेनूतून 'टेबलमध्ये बदला' म्हणा. आता प्रत्येक रकान्याचा प्रकार ठरवता येतो. तारखेच्या रकान्यात फक्त तारीख जाईल, किलोत फक्त आकडा. नावाच्या रकान्याला 'ड्रॉपडाउन' करा आणि वेचायला येणाऱ्या सगळ्यांची नावं एकदाच टाकून ठेवा. नाहीतर एकाच बाईचं नाव एकदा 'लताबाई', एकदा 'लता', एकदा 'लता बाई' असं पडतं आणि शीटच्या लेखी त्या तीन बाया होतात. शेवटी भांडण ठरलेलं.

आठवड्याच्या बाजाराच्या आदल्या रात्री 'इन्सर्ट' मधून 'पिव्होट टेबल' घ्या, म्हणजे नावागणिक बेरीज करून देणारा तक्ता. 'रोज' (ओळी) मध्ये नाव, 'व्हॅल्यूज' मध्ये मजुरी आणि उचल, दोन्हींची बेरीज. प्रत्येकीची मजुरी किती झाली आणि किती आधीच नेली, हे एका पानावर दिसतं. वजाबाकी तोंडी करा, त्याने डोकं तरतरीत राहतं.

भावाबरोबर वाटून घ्यायचं असेल तर वरचं 'शेअर' दाबून त्याचा मेल पत्ता टाका आणि परवानगी निवडा: नुसता पाहणारा, टिप्पणी करणारा, की बदल करणारा. 'दुवा असलेला कुणीही' हे बदल करण्याच्या परवानगीसह कधीही देऊ नका. तो दुवा व्हॉट्सॲपच्या गटात गेला की अख्ख्या भाऊबंदकीचा हात तुमच्या हिशेबात. आणि आकडा बदललेला वाटला तर त्या चौकटीवर उजवं क्लिक करून 'बदलांचा इतिहास' पाहा. कुणी, कधी, आधी काय होतं, सगळं दिसतं. हे आहे म्हणून सांगितलं तरी निम्मी भांडणं मिटतात. मळ्यात नेट पकडत नसेल तर फोनच्या शीट ॲपमध्ये त्या फाइलला 'ऑफलाइन उपलब्ध' करून ठेवा. रेंजमध्ये आलात की आपोआप जुळतं.

बोला, ते लिहून घेईल

बचत गटाच्या एका अध्यक्षताईंना इतिवृत्त लिहायचा कंटाळा. बोलायला मात्र त्यांच्यापुढे कुणी टिकत नाही. त्यांना गूगल डॉक्स उघडून दिलं, 'टूल्स' मेनूत 'व्हॉइस टायपिंग', यादीतून मराठी, आणि माइकवर क्लिक. संगणकावर हे क्रोम ब्राउझरमध्ये नीट चालतं. फोनवर कीबोर्डवरचाच माइक वापरायचा.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. मराठीत "पूर्णविराम" म्हटलं की टिंब पडत नाही, तो शब्दच लिहिला जातो. विरामचिन्हं मागाहून हाताने द्या. दुसरी अशी की यादीत मराठी आहे, अहिराणी नाही. ताई रंगात आल्या आणि अहिराणीत शिरल्या की पडद्यावर जे उमटतं ते वाचून सगळ्या बाया पोट धरून हसतात. इतिवृत्त सांगताना शाळेत भाषण करतो तसं प्रमाण मराठीत बोलायचं, चिडलात तरी.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल मी थोडकंच सांगेन. गूगलचा जेमिनी मराठीतही चालतो. "ग्रामपंचायतीला पाणीपुरवठ्याबद्दल नम्र अर्ज लिहून दे" म्हटलं की देतो, आणि बरा देतो. जीमेलच्या आतल्या अशा सोयींपैकी कोणती फुकटात आणि कोणती पैसे भरून, ही रेघ मात्र दर काही महिन्यांनी सरकते. तुमच्या शेजाऱ्याला एखादं बटण दिसतं आणि तुम्हाला नाही, तर तुमचं काही चुकलेलं नसतं. सारांशावर विसंबून मुदतीची तारीख किंवा रक्कम कधी धरू नका, मूळ मेल उघडून पाहा. आणि आधार क्रमांक, खाते क्रमांक त्याला सांगू नका. आधार मेलने पाठवावाच लागला तर पहिले आठ अंक झाकलेला 'मास्क्ड आधार' यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) संकेतस्थळावरून उतरवून तो पाठवा.

बँकेच्या नावाने आलेल्या मेलचं थोडक्यात: पाठवणाऱ्याच्या नावाखालचा बाण दाबून खरा पत्ता पाहा. नाव कुणीही काहीही लावू शकतो. रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत आपली संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन' वर न्यायला सांगितलं होतं, म्हणजे दुवा उघडून पासवर्ड टाकण्याआधी पत्त्याचा शेवट तेवढा वाचा. मेलमधून ॲप उतरवून घ्या म्हणणारा तर सरळ भामटा समजा.

दुकानातून उठण्याआधी

फॉर्म भरायला बाहेरच्या संगणकावर बसावंच लागतं. तिथे पासवर्ड टाकला की ब्राउझर "जतन करू का?" विचारतो, 'कधीच नाही' म्हणा. त्याहून बरं म्हणजे ब्राउझरच्या तीन टिंबांच्या मेनूतून 'इन्कॉग्निटो' खिडकी उघडून काम करा. ती बंद केली की खातं आपोआप बाहेर पडतं. उतरवलेल्या पीडीएफ मात्र त्या संगणकाच्या 'डाउनलोड्स' मध्ये राहतात. त्या काढा, कचरापेटीतूनही काढा. दुकानदाराला राग आला तर येऊ द्या.

बाहेर पडायचं विसरून घरी आलात तर परत जायची गरज नाही. आपल्या फोनवर त्याच 'सुरक्षा' पानावर 'तुमची उपकरणं' म्हणून यादी असते. जे ओळखीचं नाही त्यावर दाबा आणि 'साइन आउट' करा, मग पासवर्ड बदला. गेल्या महिन्यात एका काकांची यादी उघडली तर सात उपकरणं निघाली. चार वेगवेगळ्या दुकानांतली, एक मुलाचा लॅपटॉप, एक हातातला फोन, आणि एक थेट सुरतचं. काका घामाघूम. अर्ध्या तासाने काकूंनी आतून सांगितलं की काकांचा जुना फोन जावयाने नेला होता, तो सुरतेच्या लूमवर कामाला आहे.